हैदराबाद ते उमापूर: नातवंडं आणि एक दुरुस्ती

विमानतळाच्या दारात माझ्या लेकीने, मंगलने, तीन आधार कार्डं माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि खिशाला सेफ्टी पिन लावली. मग दोन्ही पोरांचे हात माझ्या हातात दिले. उजव्या हातात स्वरा, वय आठ. डाव्या हातात ओम, वय चार. ओमच्या बुटांत टाच टेकली की लाल दिवे लागत, त्यामुळे तो उभ्या जागी पाय आपटत होता.

"दादा, ह्याचा हात सोडू नका. लई पळतो हा," मंगल म्हणाली.

"न्हाई सोडत."

"आन् गावाकडं बी पोरं तुमच्याच नजरेपुढं ठेवा. आईच्या भरवशावर नका सोडू. आमी दोघं शनिवारी निघतोच."

मी मान हलवली. मंगल हैदराबादला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पोरांना सुट्टी लागली तरी तिला आणि जावयांना तीन दिवस रजा नव्हती. सगळ्यांनी मिळून पंधरा दिवस उमापूरला राहायचं, असा बेत पहिल्यांदाच जमला होता. पोरं आईशिवाय आजोळी कधी आली नव्हती. त्याचं कारण आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, पण वाचनालयाचा हा अंक गावाबाहेरही जातो, म्हणून सांगतो.

मी पूर्वी टोळीमुकादम होतो. दसरा झाला की गेवराई तालुक्यातली जोडपी गोळा करून ऊसतोडीला न्यायचो. मंगल चार वर्षांची असताना आमच्या गाड्या निघाल्या आणि वाटेत एका हॉटेलापाशी ती मागे राहिली. दुपारी सापडली. 'मुकादमाची बायको लेकरू विसरली' असं तेव्हापासून गाव म्हणतं. सुभद्राच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मांडीवर नंतर कुणी आपलं लेकरू दिलं नाही. अंगणवाडीत मदतनीस हवी होती तेव्हा तिचं नाव बायांनीच नको म्हटलं. खुद्द मंगल स्वतःच्या पोरांना तिच्याजवळ तासभर सोडत नाही.

ही हकिगत गावाला मी सांगितली आणि ती चुकीची सांगितली. ती दुरुस्त करायची आहे. पण प्रवासाच्या क्रमाने जातो, कारण दुरुस्ती त्या प्रवासातूनच निघाली.

जाताना मी परळीहून रेल्वेने गेलो होतो. परळीचं स्टेशन ओळखीचं, तिथली वीजकेंद्राची राखही ओळखीची. बाकावर बसण्याआधी लोक हात फिरवून घेतात, तसा मीही घेतला. परत येताना मात्र दोन पोरं घेऊन रात्रभर रेल्वेत बसायला मंगल तयार नव्हती. तिने विमान ठरवलं. सदुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा विमानात बसणार होतो, तेही एकटा दोन पोरं घेऊन.

आतली जागा एवढी स्वच्छ की चालताना पायांचा आवाज आपलाच आपल्याला ऐकू येतो. काउंटरवरच्या मुलीने तीन बोर्डिंग पास (विमानात बसण्याची चिठ्ठी) दिले. एकेकावर एकेक नाव. ओमच्या नावाचा पास पाहून मला नवल वाटलं. एवढ्याशा लेकराला स्वतःची जागा, स्वतःचा आकडा. आमच्या टोळीत लेकरांना आकडा नसायचा.

सुरक्षा तपासणीत माझा अडकित्ता निघाला. केजच्या बाजारातून घेतलेला, कितीतरी वर्षांचा. मी तो खिशात असल्याचंच विसरलो होतो.

"काका, ये क्या है?" जवानाने विचारलं.

"सुपारी कतरने का."

"ये नै चलता काका. यहीच छोड़ना पड़ता."

त्याची बोली मला परकी वाटली नाही. आमच्याकडचे मौलाली चाचा असंच बोलत. मी अडकित्ता ट्रेमध्ये ठेवला.

"आबा, तुम्ही शस्त्र घेऊन आलात?" स्वराने विचारलं.

"सुपारीपुरतं."

"सुपारी काही प्रवासी नाही," ती म्हणाली आणि जवान हसला. पोरगी बोलण्यात आजीवर गेली आहे.

आमचं विमान लहान होतं, पंख्यांचं. त्यासाठी खालच्या मजल्यावरच्या दारातून बसमध्ये बसून जायचं होतं. रांग लागली. खांद्याला पिशवी, स्वराच्या पाठीवर तिची पिशवी, हातात तीन पास. दाराशी पोचलो तेव्हा पास सुटे करायला मला दोन्ही हात लागले. मी ओमचा हात सोडला. हे मी ठामपणे लिहितो, कारण नंतर मी ते वेगळं सांगितलं.

"बच्चे?" दारावरच्या मुलीने विचारलं.

"आगे हैं," मी म्हणालो.

स्वरा माझ्या पुढे होती. ओमही तिच्याबरोबर असेल असं मी धरून चाललो. बस गच्च भरली. मी दांडी पकडली. तेवढ्यात स्वराने मान वर केली.

"आबा, ओम कुठंय?"

"पुढं हाय."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझ्या कानाला ते ओळखीचे वाटले. मी बसच्या पुढच्या भागाकडे पाहिलंच नव्हतं. स्वरा माणसांच्या पायांमधून वाट काढत पुढे गेली आणि तशीच परत आली.

"नाहीये तो! आबा, ओम नाहीये!"

तिच्या ओरडण्याने ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी खाली उतरलो, माझ्यामागे स्वरा. दाराकडे धावणं मला जमलं नाही, पण धावण्याची गरजही पडली नाही. काचेपाशी लाल दिवे लागत होते. ओम काचेला नाक लावून सामान चढवणारी गाडी बघत होता. गणवेशातल्या एका बाईने त्याचा दंड धरला होता. सगळं मिळून चार-पाच मिनिटं झाली असतील.

"बच्चा किसके साथ था?" तिने विचारलं. आवाज रागाचा नव्हता. कागदावर लिहायचं असल्यासारखा सरळ होता.

मी स्वराकडे बोट केलं. "इसके पास था."

बसमधल्या एका बाईने दारातूनच मान बाहेर काढली. "अरे बेटा, छोटे भाई का हाथ ऐसा छोड़ते क्या?"

 स्वराने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ओमचा हात धरला. ते पाहणं मी पूर्वी पाहिलं होतं, दुसऱ्या चेहऱ्यावर.

विमानात दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या असतात. आम्ही तिघं, म्हणून एकाला मधल्या रस्त्यापलीकडे बसावं लागणार होतं. खिडकी स्वराला हवी होती, ती आठ दिवस तेच बोलत होती. तिने खिडकी ओमला दिली आणि स्वतः पलीकडे एका गृहस्थांच्या शेजारी जाऊन बसली. पट्टा आपला आपण लावला.

विमान वर जाताना पोटात खड्डा पडतो, एवढंच. तोडणीच्या हंगामात उसाच्या भरलेल्या ट्रॉलीवर बसून ओढ्यात उतरताना याहून जास्त पडतो. वर गेल्यावर पंख्यांचा आवाज एकसारखा लागला. खाली रानाचे तुकडे दिसत होते, काही नांगरलेले काळे, काही कोरडे भुरे, मध्ये मध्ये शेततळ्यांचे चौकोन. माणसं दिसत नाहीत. एवढ्या उंचीवरून कुणी कुणाला सोडून चाललं तरी कळणार नाही.

मंगलने दशम्या (दुधात मळलेल्या भाकरी) आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. ओमने चटणी माझ्या धोतरावर सांडली. हवाईसुंदरीने ओले कागद आणून दिले आणि चटणीचा वास घेऊन "वेरी नाइस" म्हणाली. मी तिला अर्धी दशमी दिली, तिने हसून नाही म्हटलं.

विमान उतरायला लागलं तसा ओम कान धरून रडू लागला. मला काय करावं कळेना. रस्त्यापलीकडून एक हात आला. त्यात लिमलेटची गोळी होती.

"चोख," स्वरा त्याला म्हणाली. "आणि गिळत राहा."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

छत्रपती संभाजीनगरला उतरल्यावर फोन चालू केला तर मंगलचाच आला. तो ओमने ओढून घेतला. "मम्मी, मी हरवलो होतो! आबा म्हणाले, मी दीदीजवळ होतो!" त्याला हरवल्याचा अभिमान वाटत होता.

मग फोन स्वराकडे गेला. मंगलचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. "एक हात धरता येत न्हाई तुला? दीदी हायेस का कोण हायेस?"

"हो मम्मी," स्वरा म्हणाली. दुसऱ्यांदाही तेच म्हणाली.

मग फोन माझ्याकडे आला. "दादा, तुमी होते म्हणून बरं. आईजवळ असती पोरं तर काय झालं असतं?"

बोलायची जागा हीच होती. मी "हं" म्हणालो आणि फोन खिशात ठेवला.

बाहेर गावचा लक्ष्मण जीप घेऊन आला होता. मुकादमकी सोडून जमाना झाला, तरी तो मला मुकादमच म्हणतो. "मुकादम, वरून आपलं उमापूर दिसलं का न्हाई?"

"न्हाई."

"मग इतकं वर जाऊन करायचं काय, बे!" असं म्हणून त्याने जीभ चावली. "माफ करा, तोंडात बसलंय."

आडूळ गेलं, पाचोडच्या अलीकडे रस्त्यावर मेंढरं आडवी आली. लक्ष्मणने जीप थांबवली. दोन-अडीचशे मेंढरं, मागे घोड्यावर बिऱ्हाड, घोड्यावरच्या खाटेला बांधलेली कोकरं. ओमला खाली उतरायचं होतं. स्वराने त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ उठले. तो रडायला लागला तरी तिने सोडलं नाही.

"आबा," ती मेंढरांकडे बघतच म्हणाली, "तुम्ही ओमला माझ्याकडं कधी दिलं होतं?"

"न्हाई दिलं."

"मग तसं कावून म्हणालात?"

'कावून', म्हणजे 'का', हा शब्द तिला मंगलकडूनच आला असणार. लक्ष्मणने आरशातून पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.  शेवटचं मेंढरू जाईपर्यंत मी मेंढरं मोजत राहिलो.

दुरुस्तीची जागा आली आहे, म्हणून आता लिहितो.

त्या साली आमचे दोन ट्रक होते. नगरच्या अलीकडे सकाळी चहाला थांबलो. निघताना टोळीमुकादम फळीवर उभा राहून माणसं मोजतो. मोजायची पद्धत अशी की नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. लेकरं मोजत नाहीत, कारण लेकरं ऊस तोडत नाहीत. मी बावीस कोयते मोजले, बावीस भरले. मी मागच्या गाडीच्या फळीवर होतो, सुभद्रा खाली उभी राहून तीत भांडी-कुंडी लावत होती. तिने मला खालून विचारलं, "अवो, मंगल तुमच्या गाडीत हाय का?" मी म्हणालो, "पुढं हाय." पुढच्या गाडीकडे मी मान वळवली नाही. माझा आकडा भरला होता.

पुढच्या थांब्यावर मंगल दोन्ही गाड्यांत नव्हती. मी दुधाच्या टेम्पोने उलटा गेलो. हॉटेलापासून थोड्या अंतरावर मेंढरांचा वाडा (धनगरांचा तळ) बसला होता. धनगराच्या बाईने मंगलला घोंगडीवर बसवून मांडीत कोकरू दिलं होतं. मंगलला त्या दिवसातलं आज तेवढंच आठवतं, कोकराचं नाक ओलं होतं हे. त्या बाईने मला विचारलं, "लेकरू कुणापाशी व्हतं?" मी म्हणालो, "हिच्या आईपाशी."

टोळीत परतल्यावरही लोकांनी विचारलं. मी तेच सांगितलं. चुकणाऱ्या मुकादमामागे माणसं येत नाहीत, हे मला माहीत होतं. सुभद्रा तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चूल मांडायला गेली. बाकी गावाला माहीत आहे.

शहागडच्या पुलावर गोदावरी ओलांडली की आमचा जिल्हा लागतो. नदीला पाणी कमी होतं, वाळू जास्त. गेवराईत चहा प्यायलो, पोरांनी गरम भजी खाल्ली. तिथून उमापूर फार लांब नाही. तेवढ्या रस्त्यात मी ठरवलं, किंवा ठरवावं लागलं. आठ वर्षांची पोरगी गप्प राहायला शिकते आहे, आणि शिकवणारा मी आहे, हे दिसत होतं.

सुभद्रा दारात उभी होती. तिने भाकरतुकडा दोघांवरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. ओमने उचलून घे म्हणून हात वर केले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग लक्ष्मणकडे, आणि म्हणाली, "आबा घेतील हां." तिची ती सवयच झाली आहे.

जेवणाला येसर आमटी (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी) होती. ती भाकरी थापत असताना मी चुलीपाशी पाटावर बसलो आणि मंगलला फोन लावला. स्पीकर चालू केला. स्वरा दारात बसली होती, तिला मी हाक मारून जवळ बसवलं.

"मंगल, ओमला मी स्वराजवळ दिलंच नव्हतं. माझ्याच हातून सुटला. मी हिचं नाव सांगितलं."

"जाऊ द्या दादा. सापडला ना?"

"आजून एक हाय. तुला बी मीच सोडलं होतं."

"कुठं सोडलं?"

मी सगळं सांगितलं. वर लिहिलं तेवढंच आणि त्याच क्रमाने. सुभद्राने थापायचं थांबवलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली, पाणी फिरवलं, दुसरी घेतली. 

"आई हाय का तिथं?" मंगलने विचारलं.

"हाय."

"तिला द्या."

"हात पिठाचे हायत माझे," सुभद्रा म्हणाली. "स्वरा, धर गं कानाला. आन् ते मोठ्यानं बोलायचं बंद कर."

स्वराने स्पीकर बंद करून फोन आजीच्या कानाला धरला. मला काही ऐकू आलं नाही. सुभद्रा तीन-चारदा "हं" म्हणाली. एकदा म्हणाली, "रडू नगंस, डुटीवर हायेस." तव्यावरची भाकरी करपली. माझ्या आठवणीत तिच्या हातून करपलेली ती पहिली.

फोन झाल्यावर मी विचारलं, "तू तवाच बोलली कावून न्हाईस?"

"मला कुणी इचारलं?" ती म्हणाली. "समद्यांनी तुमाला इचारलं. तुमी मान बी वळवली नव्हती, मी खालून बघत व्हते."

तिने करपलेली भाकरी माझ्या ताटात टाकली आणि चांगली स्वराच्या. स्वराने ताट पुढे ओढलं. "आजी, मला आमटी तिखट नको," ती म्हणाली. गेवराई सोडल्यापासून ती पहिल्यांदा बोलली.

शनिवारी मंगल आणि जावई आले. सुट्टी सुट्टीसारखीच गेली. पोरं विहिरीवर गेली, बैलाला घाबरली, मग बैलाला घाबरवू लागली. आमच्या शेजारच्या बायांना मंगलने स्वतः घरोघर जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यातल्या एकीने म्हटलं, "आता इतक्या वर्सांनी कशाला?" आणि दुसरीने दुपारी आपलं तान्हं आणून सुभद्राच्या मांडीत ठेवलं, 'जरा बघा, दळण घेऊन येते' म्हणून. सुभद्रा ती बाई परत येईपर्यंत जागची हलली नाही. पाय अवघडला तरी हलली नाही.

मंगल माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा हवा का, गोळी घेतली का. त्यात तिची चूक नाही.

परतीच्या वेळी रजा पुन्हा आडवी आली. मंगल आणि जावई आधी गेले, पोरं आठवडाभर राहिली. त्यांना हैदराबादला पोचवायचं तिकीट मंगलने तिथूनच काढलं आणि फोनवर छायाचित्र पाठवलं. मी चष्मा लावून पाहिलं. स्वरा, ओम आणि सुभद्रा. माझं नाव नव्हतं.

"मला न्हाई जमायचं," सुभद्रा म्हणाली. "मी कवा ईमानात बसले?"

"मी सांगते ना आजी," स्वरा म्हणाली. "फक्त अडकित्ता नको घेऊस."

लक्ष्मणच्याच जीपने आम्ही निघालो. विमानतळाच्या दारात मी सुभद्राच्या पिशवीत कागद ठेवले. आतमध्ये मला सोडत नव्हते. दारावरच्या शिपायाने विचारलं, "मावशी, किती जण?"

तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. "तिघं," ती म्हणाली. "दोन लेकरं आन् मी."

काचेतून ती तिघं बराच वेळ दिसत होती. सुभद्रा हिरवं लुगडं नेसली होती. एका हातात स्वरा, एका हातात ओम. काउंटरपाशी कागद द्यायची वेळ आली तेव्हा तिने हात सोडले नाहीत. पिशवीच पुढे केली आणि म्हणाली असावी, तुमीच काढा, कारण त्या मुलीने हसून पिशवीतून कागद काढले.

विमान उडाल्यावरच मी आणि लक्ष्मण निघालो आणि येताना पाचोडला थांबलो. लक्ष्मण म्हणाला, "मुकादम, काकू एकट्या जातील ना नीट?" मी म्हणालो, जातील. चहा निवला. मी आयुष्यात पुष्कळ माणसं मोजली. गाडी भरली की मोजली, उतरली की मोजली, आकडा कधी चुकला नाही. त्या मोजणीवर माझं नाव होतं. ते नाव राखायला मी दुसऱ्याचं नाव घालवलं, हे इथे लिहून देतो. ज्यांनी माझ्याकडून ऐकलं होतं, त्यांनी आता हे वाचावं.

शहागडच्या पुलावर फोन वाजला. मागे गर्दीचा, चाकांचा, कसल्याशा सूचनांचा आवाज होता. सुभद्रा फोनवर नेहमी ओरडूनच बोलते.

"पोचलो बरं का. दोघं बी हायत. बघून सांगायलेय."